पान कधी बोलतं आणि कधी गप्प राहतं

एका मोठ्या वाचनालयाची वेबसाइट नव्याने बांधली जात होती. पुस्तक शोधणं, राखून ठेवणं, सभासद होणं, मुदत वाढवून घेणं, सगळं घरबसल्या व्हावं असा बेत होता. दृष्टिहीन वाचकांनाही ती नीट वापरता यावी म्हणून तपासणीचं काम माझ्याकडे आलं. मी जन्मापासून अंध आहे, कॉलेजात असल्यापासून स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते, आणि वेबसाइट तपासणं हाच माझा व्यवसाय आहे. या कामात काय काय घडत गेलं ते जरा सविस्तर लिहिते. वेबसाइट बनवणाऱ्या बहुतेकांना आमच्याबद्दल आस्था असते, पण आमचं नेमकं अडतं कुठे, हे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतं.

पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक रिपोर्ट आला. टीमने पानं आपोआप तपासणारं टूल चालवलं होतं आणि त्यात जवळपास काहीच दोष निघाले नव्हते. असं टूल मीही आधी चालवतेच. चित्राला वर्णन नाही, रकान्याला नाव नाही, अक्षरांचा रंग फिका आहे, हे ते झटक्यात दाखवतं. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी १० लाख वेबसाइटची होमपेज अशाच पद्धतीने तपासते, आणि दरवर्षी त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त पानांवर दोष सापडतात. त्या मानाने हा रिपोर्ट खरंच चांगला होता आणि तसं मी टीमला सांगितलंही.

पण चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच टूलला कळतं. ते वर्णन कामाचं आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. इथे प्रत्येक पुस्तकाच्या चित्राचं वर्णन होतं, "मुखपृष्ठ". शोधाच्या यादीत पुस्तकाच्या नावाआधी दर वेळी "मुखपृष्ठ", पुढचं नाव, त्याआधी पुन्हा "मुखपृष्ठ". यादीत नाव चित्राच्या शेजारीच लिहिलेलं असतं, तेव्हा तिथे वर्णन मुद्दाम रिकामं ठेवायचं ठरलं. रिकामं वर्णन कोडमध्ये तसं नोंदवलेलं असलं की स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून पुढे जातो. पुस्तकाच्या स्वतंत्र पानावर मात्र मुखपृष्ठावर काय चितारलंय ते एका वाक्यात लिहायचं. मला स्वतःला ते वाचायला फार आवडतं.

मग मी म्हटलं, रिपोर्ट बाजूला ठेवू, मला एक पुस्तक राखून ठेवायचंय.

स्क्रीन रीडर चालतो कसा, ते इथे सांगायला हवं. तो पडद्यावरचं चित्र पाहत नाही. ब्राउझर पानाच्या एचटीएमएलमधून, म्हणजे पान ज्या कोडमध्ये लिहितात त्यातून, एक आराखडा तयार करतो: हे हेडिंग, ही लिंक, हे बटण, त्याचं नाव अमुक, ते दाबलेलं आहे की नाही. स्क्रीन रीडर हा आराखडा वाचून दाखवतो. पडद्यावर झळकलेली एखादी गोष्ट या आराखड्यात नसेल, तर माझ्यापर्यंत ती येतच नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. स्वतः अंध असलेल्या मायकल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला, आणि तो आजही मोफत मिळतो. पान उघडलं की मी वरून खालपर्यंत सगळं ऐकत बसत नाही. एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जाते आणि पानाचा अंदाज घेते. लांबलचक पानावर बहुतेक स्क्रीन रीडर वापरणारे हेच करतात. इथे एच दाबल्यावर उत्तर आलं, पुढे हेडिंग नाही. मोठी ठळक अक्षरं होती, पण कोडमध्ये त्यांना हेडिंग म्हटलेलंच नव्हतं. ही दुरुस्ती सोपी होती आणि लगेच झाली.

बटणाची गोष्ट लांबली.

पुस्तकाच्या पानावर "राखून ठेवा" असं ठसठशीत बटण आहे, असं मला सांगितलं गेलं. मला ते सापडेना. टॅब दाबत गेले: लेखकाच्या नावाची लिंक, विषयाची लिंक, आणि मग एकदम पानाच्या तळाचा मजकूर. बी दाबला, एनव्हीडीएमध्ये त्याने पुढच्या बटणावर जाता येतं. पुढे बटण नाही. शेवटी बाणाने एकेक ओळ ऐकत गेले तेव्हा "राखून ठेवा" हे शब्द कानावर आले, बाकीच्या मजकुरासारखेच, पाठोपाठ "क्लिक करण्याजोगं" एवढाच शेरा. शेजारी बसलेल्या डेव्हलपर मुलीने कोड उघडून पाहिला. ते बटण नव्हतंच. तो एक साधा डिव्ह, म्हणजे कोडमधला स्वतःचा काही अर्थ नसलेला डबा होता, त्याला रंग आणि गोल कडा दिल्या होत्या आणि माउसचा क्लिक जोडला होता.

तिने त्यावर "हे बटण आहे" अशी आरिआची, म्हणजे कोणती गोष्ट काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या जादा कोडची, पट्टी लावली. आता स्क्रीन रीडर "बटण" म्हणू लागला, पण टॅब तिथे थांबेना. टॅब थांबावा म्हणून तिने आणखी एक गुणधर्म जोडला. थांबला, पण एंटर दाबल्यावर काही होईना. एंटरसाठी कोड लिहिला. स्पेसबार दाबला तर पानच खाली सरकलं, कारण बटण स्पेसबारनेही दाबलं जातं हे त्या डिव्हला कोण सांगणार? स्पेसबारचा कोड लिहायला घेतला आणि तिचा हात थांबला. तिने सगळं पुसून टाकलं आणि त्या जागी एचटीएमएलमधला खरा बटण टॅग लिहिला. टॅब थांबला, एंटर चालला, स्पेसबार चालला, "राखून ठेवा, बटण" असं ऐकू आलं.

"ताई, हे सगळं यात आधीपासूनच होतं की!" ती म्हणाली.

होतंच. आरिआचं पहिलं प्रमाणित रूप २०१४ मध्ये आलं आणि ते वापरण्याचा पहिला नियमच असा आहे की एचटीएमएलमध्ये तयार टॅग असेल तर तोच वापरा. ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता येण्याची सोय, हे वाढीव काम आहे अशी तक्रार मी सतत ऐकते. त्यातलं बरंच काम साधा टॅग सोडून दिल्यामुळे अंगावर आलेलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

बटण सापडलं, मी ते दाबलं. पुढे काहीच नाही. पुस्तक राखलं गेलं का? नेट बंद पडलं का? पुन्हा दाबलं. तेव्हाही काही नाही. पडद्यावर काय घडलं ते मग मला सांगण्यात आलं: पहिल्यांदा दाबल्यावर वर हिरवी पट्टी आली, "पुस्तक राखून ठेवलं", काही सेकंदांत गेली. बटणाचं नावही बदलून "रद्द करा" झालं. दुसऱ्यांदा दाबल्यावर आरक्षण रद्द झालं. माझ्या कानावर यातलं अक्षरही आलं नव्हतं. एखाद्या अंध वाचकाने घरी हेच केलं असतं, तर पुस्तक आपल्या नावावर आहे असं समजून तो वाचनालयात गेला असता आणि रिकाम्या हाताने परत आला असता.

माझ्या तपासणीत सगळ्यात जास्त वेळा आढळणारा दोष हाच, पानाचं गप्प राहणं. उघड बिघाड असेल तर तो निदान कळतो. डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय निकषांमध्ये २०१८ च्या २.१ आवृत्तीपासून यासाठी स्वतंत्र कलम आहे: फोकस, म्हणजे कीबोर्ड सध्या पानावर जिथे आहे ती जागा, न हलवता पडद्यावर आलेला महत्त्वाचा संदेश सहायक तंत्रज्ञानापर्यंत पोचलाच पाहिजे. करायचं होतं ते थोडंसंच. संदेशाची जागा पानावर सुरुवातीपासून तयार ठेवायची, ती "स्थिती सांगणारी जागा" आहे असं कोडमध्ये नोंदवायचं, आणि संदेश तिथे टाकायचा. त्यानंतर मी बटण दाबलं आणि "पुस्तक राखून ठेवलं" हे शब्द ऐकू आले. टीमच्या प्रमुखांनी तेव्हा विचारलं, असे आणखी किती संदेश असतील? सगळी वेबसाइट त्या नजरेने पुन्हा पाहायची असं त्यांनीच ठरवलं, आणि त्या दिवसापासून कामाला वेग आला.

सभासदत्वाच्या फॉर्मपाशी मी एनव्हीडीएचा स्पीच व्ह्यूअर सुरू केला. स्क्रीन रीडर जे बोलतो ते एका खिडकीत लिहून येतं, म्हणजे माझा आवाजाचा वेग ज्यांच्या कानाला झेपत नाही त्यांनाही वाचता येतं. मी टॅब दाबत गेले आणि खिडकीत ओळी उमटत गेल्या:

माहिती भरा, एडिट, रिकामं.
माहिती भरा, एडिट, रिकामं.
माहिती भरा, एडिट, आवश्यक, रिकामं.
माहिती भरा, एडिट, रिकामं.

पडद्यावर नाव, पत्ता, ईमेल ही लेबलं प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर व्यवस्थित लिहिलेली होती. पण कोडमध्ये प्रत्येक रकान्याला एकच ठोकळेबाज नाव दिलेलं होतं. रकान्याला नाव आहे म्हणून टूल समाधानी, आणि कुठे काय लिहायचं ते मला कळायला मार्ग नाही. खोलीत कुणी बराच वेळ बोललं नाही. मग डिझायनर म्हणाला, "हे वाचून मलासुद्धा फॉर्म भरता येणार नाही."

लेबलं रकान्यांना बांधून झाल्यावर चुकांचा प्रश्न आला. मी मुद्दाम दोन रकाने रिकामे सोडून फॉर्म पाठवला. रकान्यांच्या कडा लाल झाल्या आणि पान गप्प. आता चूक राहिली की फोकस वर आलेल्या यादीवर जातो, "दोन गोष्टी राहिल्या आहेत" असं ऐकू येतं, आणि यादीतल्या प्रत्येक ओळीवरून थेट त्या रकान्यात जाता येतं. तिथे पोचल्यावर रकान्याच्या नावासोबत काय हवंय तेही वाचलं जातं. संदेशांची भाषाही बदलून घेतली. "अवैध नोंद" म्हटल्यावर कुणालाच काही समजत नाही. "तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहा" म्हटल्यावर डोळस माणसाचंही काम होतं. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडत होतं आणि एकेक महिना मागे जात कितीतरी दशकं ओलांडावी लागत होती. ते काढून टाइप करायचे तीन साधे रकाने दिले. माझ्या मते जन्मतारखेला कॅलेंडर कधीच देऊ नये.

दुसऱ्या टोकालाही आम्ही जाऊन आलो. संदेश बोलले पाहिजेत हे टीमच्या मनावर इतकं ठसलं की शोधाच्या रकान्यात प्रत्येक अक्षरागणिक निकालांचा आकडा ऐकू यायला लागला. मी एक अक्षर टाइप करते, "४१२ निकाल". दुसरं टाइप करते, ते अक्षर वाचलं जाण्याआधीच "१६० निकाल". आपण काय लिहितोय तेच ऐकू येईना. आकडा लगेच घुसवायचा नाही, टाइप करणारा थांबला की मग नम्रपणे एकदाच सांगायचा, असं ठरलं. होमपेजवरची आपोआप सरकणारी चित्रंही याच कारणासाठी थांबवली. किती बोलायचं आणि कधी, याला एकच सूत्र नाही. प्रत्येक ठिकाणी ऐकून ठरवावं लागतं, आणि हे काम मला मनापासून आवडतं.

माझ्या कानांनी सगळंच तपासता येत नाही. अल्पदृष्टी असलेल्यांच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून माझ्या एका मैत्रिणीला मी या कामात आग्रहाने ओढलं. तिची मध्यभागाची नजर गेलेली आहे, कडेची शिल्लक आहे. स्क्रीन रीडर तिला नको असतो, ती अक्षरं मोठी करून वाचते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला ४.५ : १ हा फरक टूलने आधीच मोजलेला होता, तो बरोबर होता. पण तिने पान ४०० टक्के मोठं केलं आणि वर चिकटून राहणाऱ्या पट्टीने अर्ध्याहून जास्त पडदा व्यापला. उरलेल्या फटीतून तिला पुस्तकांची यादी पाहावी लागत होती. १२८० पिक्सेल रुंदीचा पडदा ४०० टक्के मोठा केला की फोनएवढी, ३२० पिक्सेलची जागा उरते, तेव्हा मांडणीही फोनसारखी व्हायला हवी आणि आडवं सरकवावं लागू नये, असं निकष सांगतो. मग तिने काळ्या पार्श्वभूमीची थीम लावली, उजेडाचा तिला त्रास होतो. चिन्हांचा रंग कोडमध्ये काळाच पक्का केलेला होता, ती सगळी नाहीशी झाली. आणि टॅब दाबताना आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट डिझाइनला शोभत नाही म्हणून काढून टाकली होती. ती चौकट परत आणण्यावरून डिझायनरशी बरीच चर्चा झाली. शेवटी त्याने स्वतःच दोन रंगांची एक जाड कडा आखली, गडद आणि फिक्या दोन्ही पार्श्वभूमींवर उठून दिसणारी. ती मैत्रिणीला इतकी आवडली की आता ती दुसऱ्या वेबसाइटवाल्यांना तिचं उदाहरण देते.

मध्येच व्यवस्थापनाकडून सूचना आली: एक तयार विजेट मिळतं, कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की अक्षरं मोठी होतात, पान वाचूनही दाखवलं जातं. एका ओळीचा कोड लावला की झालं. मी याला स्पष्ट विरोध केला आणि का केला ते लेखी दिलं. अक्षरं मोठी करण्याची, पान वाचून घेण्याची सोय आमच्या कॉम्प्युटरवर आधीच असते, आमच्या सवयीप्रमाणे बसवलेली. आम्ही ती घेऊनच वेबसाइटवर येतो. विजेटचा आवाज आमच्या स्क्रीन रीडरवर आदळतो, त्याचे शॉर्टकट आमच्या शॉर्टकटशी भांडतात. आणि "माहिती भरा" हे चार वेळा येणारं नाव त्याने बदलत नाही. कोणत्या रकान्यात काय हवंय ते फॉर्म बनवणाऱ्यालाच ठाऊक असतं. माझं म्हणणं मान्य झालं. तो पैसा मैत्रिणीसारख्या आणखी वापरकर्त्यांकडून तपासणी करून घेण्यात घालायचं ठरलं.

लॉगिनला वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा होता. त्याला आवाजाचा पर्याय होता, पण त्यातला खरखराट असा की माझ्यासारख्या दिवसभर कानांवर काम करणारीलाही आकडे लागेनात, आणि ज्याला ऐकूही कमी येतं त्याने काय करायचं? डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत लॉगिनसाठी आठवण किंवा कोडी यांची परीक्षा घेऊ नका, असं कलम आलं. ईमेलवर येणाऱ्या लिंकने काम भागलं. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करायला असलेली बंदीही उठवून घेतली.

सगळ्यात चिवट निघाल्या जुन्या पीडीएफ. मराठी पुस्तकांच्या कितीतरी याद्या युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. डोळ्यांना ते शुद्ध देवनागरी दिसतं. पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट फक्त त्यांवर देवनागरीचा आकार चढवतो. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. एका कवितासंग्रहाच्या नावाऐवजी मला स्वल्पविराम, टक्केचिन्ह आणि सुटी इंग्रजी अक्षरं ऐकू आली. शोधात "कविता" टाइप करून ती यादी डोळस वाचकालाही कधी सापडली नसती. कन्व्हर्टरने बराच मजकूर युनिकोडमध्ये आला, पण जोडाक्षरं आणि रफार तुटले, ते हाताने दुरुस्त करावे लागताहेत. काही याद्या तर पानांचे फोटोच होते, त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, लागलं. याच्याच जोडीला एक लहानशी दुरुस्ती झाली: मराठी पानांच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली होती, त्यामुळे इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला धडपडत होता. ती दोन अक्षरं बदलली आणि मराठी आवाज आपोआप बोलायला लागला.

वेबसाइट सुरू झाली त्यानंतरही काम संपलं नाही, आणि ते संपतही नसतं. एका अपडेटमध्ये विषयानुसार पुस्तकं गाळण्याची नवी सोय आली आणि तिची बटणं पुन्हा डिव्हची होती. दुसऱ्या टीमने बनवली होती. त्यामुळे आता नियम झालाय की कोणतीही नवी गोष्ट आधी फक्त कीबोर्डने आणि मग स्क्रीन रीडरने वापरून पाहिल्याशिवाय वर चढवायची नाही. डिझायनरने त्याच्या आराखड्यांत स्वतःहून एक रकाना वाढवलाय, "काय ऐकू येईल". बटण आखतानाच त्याचं नाव, दाबल्यावर येणारा संदेश, फोकस कुठे जाणार, हे सगळं तो तिथे लिहितो. त्याचा पहिला भरलेला आराखडा त्याने मला वाचायला पाठवला तेव्हा मला झालेला आनंद फार मोठा होता. वेबसाइटवर ॲक्सेसिबिलिटीचं एक पानही आहे. काय चालतं, काय अजून अडतं ते त्यावर सरळ लिहिलंय, आणि तक्रार करायला ईमेल दिलाय, त्याला माणूस उत्तर देतो.

सध्या एक काम हातात आहे. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दाखवणारा नकाशा वेबसाइटवर आहे आणि तो निव्वळ चित्र आहे. त्याला "वाचनालयाचा नकाशा" असं वर्णन देऊन भागणार नव्हतं. म्हणून प्रत्येक विभागाची वाट शब्दांत लिहायची असं ठरलंय: दारातून आत आलं की कोणत्या हाताला वळायचं, किती कपाटं ओलांडायची, जिना कुठे लागतो, कठडा कोणत्या बाजूला आहे. तळमजल्याचं लिहून झालंय. वरच्या मजल्याचं तिथल्या ग्रंथपाल बाई लिहिताहेत, आणि ते आलं की पांढरी काठी घेऊन मी त्या वर्णनाबरहुकूम चालून पाहणार आहे.